काडतुसाची मुरड

काडतूस म्हटले की आपल्या मनात गोळी येते. प्रत्यक्षात काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संसार असतो : पितळी पुंगळी, तिच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी, पोटातली दारू आणि तोंडात बसवलेली गोळी. यांपैकी गोळी किती खोल बसली आहे आणि पुंगळीने तिला किती घट्ट धरले आहे, या दोन प्रश्नांपुरता हा लेख आहे. प्रश्न बारीक वाटतात. पण नेम, शस्त्र आणि शस्त्र धरणारा हात हे तिन्ही त्यांवर अवलंबून असतात.

विरारहून लोकलने दोन स्थानके गेले की वसई. १७३९ साली चिमाजी अप्पांनी तिथला किल्ला घेतला, तेव्हा बंदुका तोंडाकडून भरल्या जात. दारू ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची. गोळी दारूपर्यंत पोहोचली नाही आणि मधे पोकळी राहिली, तर नळी फुगण्या-फुटण्याचे भय. गोळी नीट बसवणे ही दर बाराला बंदूक चालवणाऱ्याचीच जबाबदारी होती. १८५७ च्या एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसात दारू आणि गोळी एका कागदी पुडीत आली. पण पुडी दाताने फाडणे आणि गोळी ठासणे शिपायाकडेच राहिले. चरबीचा वाद पेटला तो त्या दातांमुळे. पुढच्या दशकात धातूची पुंगळी रुळली आणि १८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. गोळी बसवण्याचे काम शिपायाच्या हातून यंत्राकडे गेले.

अमेरिकेत मात्र अनेक हौशी नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तरी या हौशींनी जमवलेले दोषांचे ज्ञान कारखान्यातले काडतूस समजून घ्यायलाही उपयोगी पडते.

करंजीचेच उदाहरण घेऊ. सारण धरून ठेवते ती पारी. मुरड फक्त कड मिटवते. काडतुसाचेही तसेच. पुंगळी आतून गोळीपेक्षा किंचित अरुंद केलेली असते. गोळी आत गेली की पितळ तिला आवळून धरते. खरी पकड ही. गोळी आत जाताना खरवडली जाऊ नये म्हणून तोंड आधी जरासे फाकवतात आणि शेवटी ती फाक मिटवतात. ही झाली मुरड. बहुतेक दोष पारीचे काम मुरडीवर टाकल्याने होतात.

अंगठ्याने दाबल्यावर गोळी आत सरकत असेल, तर नवशिका मुरड अधिक दाबतो. त्याने पकड आणखी सैल होते. दाब सुटला की पितळ थोडे मागे उसळते, शिसे मात्र दबलेलेच राहते; दोहोंत फट पडते. उपाय एकच : पुंगळी आधीच योग्य मापाला आवळायची. तोंडाशी शिशाची बारीक कडी निघाली, तर तोंड पुरेसे फाकलेले नव्हते, किंवा गोळी खाली जात असतानाच मुरड पडू लागली. बसवणे आणि मुरडणे वेगवेगळ्या टप्प्यांत केले की हा दोष जातो. तोंडाखाली फुगवटा आला, तर दाब अती झाला. एक मुरड घट्ट आणि दुसरी सैल पडत असेल, तर पुंगळ्यांची लांबी सारखी नाही.

मुरडीचा प्रकारही शस्त्राप्रमाणे बदलतो. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीला बुडाशी बाहेर आलेली कडा असते आणि ती त्या कडेवर टेकते. म्हणून तिचे तोंड गोळीवरच्या खाचेत वळवता येते. ते वळवावेच लागते, कारण एका बाराच्या धक्क्याने बाकीच्या पुंगळ्या मागे झटकल्या जातात. सैल गोळी पुढे निघते आणि चक्र अडते. ९ मि.मी. पिस्तुलाची पुंगळी १९.१५ मि.मी. लांब असते, आणि तिचे तोंडच नळीतल्या पायरीवर टेकते. ते आत वळवले तर टेकायला काठ उरत नाही. तिथे फक्त फाक सरळ करायची.

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकारात .२२ चे काडतूस वापरतात. त्याच्या बुडाच्या घडीतच ठिणगीचे मिश्रण असते आणि बार उडताना ती घडी चेपली जाते. म्हणून ते पुन्हा भरण्याची सोय नाही. त्याची मुरड कारखान्याने घातली तीच. नेमबाजाच्या हाती उरते ते वेगवेगळ्या खेपांची काडतुसे आपल्या शस्त्रातून उडवून पाहणे आणि त्यातली एक खेप निवडणे.

हा विषय मैदानापुरता नाही. पिस्तूल बाळगणारा पोलीस किंवा पहारेकरी कामावर येताना काडतूस नळीत चढवतो आणि जाताना उतरवतो. रोज तेच वरचे काडतूस चढत राहिले, तर दर वेळी उतारावर आपटून त्याची गोळी केसभर आत जाते. दारूला जागा कमी पडते आणि बार उडताना दाब धोकादायक वाढू शकतो. पारख सोपी आहे. ते काडतूस त्याच खेपेच्या कोऱ्या काडतुसाशेजारी उभे करावे. बुटके दिसले, तर ते उडवू नये. शस्त्रागारात जमा करावे.