‘कॉर्डिफोलिया’तील हृदय

गुडूची, बला आणि मंजिष्ठा ही तीन भिन्न कुळांतील द्रव्ये. परंतु तिघींच्याही लॅटिन नावाचे उत्तरपद एकच, ‘कॉर्डिफोलिया’. ‘कॉर’ म्हणजे हृदय हे ठाऊक असलेले विद्यार्थी, आणि अलीकडे रुग्णही, यावरून ही द्रव्ये हृद्रोगात उपयुक्त असावीत असे अनुमान काढतात. वस्तुतः ‘फोलियम’ म्हणजे पान. हृदयाकृती पानाची वनस्पती, एवढाच त्या नावाचा अर्थ. नाव देणाऱ्याने पान पाहिले होते, गुणकर्म नव्हे.

भल्लातकाच्या ‘सेमेकार्पस ॲनाकार्डियम’ या नावात ग्रीक ‘कार्डिया’ आहे, तेही फळाच्या आकारामुळे. कपाळफोडीचे ‘कार्डिओस्पर्मम’ हे नाव तिच्या काळ्या बीजावरील पांढऱ्या हृदयाकृती ठिपक्यावरून आले. (कॉरोनरी धमन्यांचा तर ‘कॉर’शी संबंधच नाही, ते नाव ‘कॉरोना’ म्हणजे मुकुट या शब्दावरून आले आहे.)

बलेच्या बाबतीत मात्र हा केवळ शब्दांचा घोळ राहत नाही. बलाद्य घृतासारख्या कल्पांतून हृद्रोगात बला योजली जाते, ती वातशमन व बृंहण या गुणांसाठी, वैद्याच्या देखरेखीखाली. परंतु तिच्यात इफेड्रीन गटातील अल्कलॉइड्स अल्प प्रमाणात असतात आणि इफेड्रीन नाडीची गती व रक्तदाब वाढविते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली इफेड्रीन अल्कलॉइडयुक्त आहारपूरकांवर बंदी घातली, ती हृदयाला असलेल्या धोक्यामुळेच. तेव्हा उच्च रक्तदाबाच्या रुग्णाने नावातील ‘हृदय’ पाहून बलेचा अर्क स्वतःच सुरू केला आहे काय, हे प्रश्नपरीक्षेत अवश्य विचारावे.

याउलट चक्रदत्ताने हृद्रोगात सांगितलेल्या अर्जुनाच्या ‘टर्मिनॅलिया अर्जुना’ या नावात हृदय कोठेच नाही!

आपल्या परिभाषेतही सावधपणा हवा. चरकोक्त हृद्य महाकषायात आम्र, करमर्द, बदर, दाडिम, मातुलुंग अशी दहा द्रव्ये आहेत, बहुतेक अम्ल फळे; अर्जुन त्यांत नाही. येथे ‘हृद्य’ म्हणजे प्रामुख्याने मनास रुचणारे, प्रसन्न करणारे. ‘कॉर’वरूनच आलेला ‘कॉर्डियल’ हा शब्द युरोपात अशाच उल्हासदायक पेयांना लावीत. म्हणून ‘हृद्य’चे सरसकट ‘कार्डिॲक टॉनिक’ असे भाषांतर प्रस्तुत लेखकास मान्य नाही. दाडिमाला ‘कॉर्डियल’ शोभेल. अर्जुनासाठी निराळा शब्द योजावा लागेल.