सीमापार व्यापाराचा दुवा : द्विपक्षीय वाणिज्य मंडळे आणि जयपूरचा निर्यातदार

जयपूरमध्ये पैलू पाडलेला पाचू परदेशी ग्राहकाच्या अंगठीत बसेपर्यंत त्याने किमान दोन देशांच्या सीमा ओलांडलेल्या असतात. कच्चा खडा झांबिया, कोलंबिया किंवा ब्राझीलमधून येतो आणि तयार खडा अमेरिका, युरोप, आखाती देश किंवा थायलंडकडे रवाना होतो. या प्रवासात कारागिराच्या कौशल्याइतकेच महत्त्व कायदे, कागदपत्रे आणि परस्परविश्वास यांना असते. परदेशातील नियम बदलला, तर त्याची झळ अखेरीस जोहरी बाजारामागील गल्ल्यांतील कारखान्यांना बसते. अशा वेळी दोन देशांच्या व्यापाऱ्यांमधील दुवा म्हणून द्विपक्षीय वाणिज्य मंडळे काम करतात. त्यांचे कार्य नेमके कसे चालते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा हा आढावा.

मंडळाचे स्वरूप

चेंबर ऑफ कॉमर्स, म्हणजेच वाणिज्य मंडळ, ही संस्था महाराष्ट्राला नवी नाही. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबरची स्थापना झाली, तर पुण्यातील मराठा चेंबर १९३४ पासून कार्यरत आहे. ही मंडळे एखाद्या प्रदेशातील व्यापारी व उद्योजकांचे प्रश्न मांडतात. द्विपक्षीय मंडळाची रचना मात्र वेगळी असते. त्यात दोन्ही देशांतील कंपन्या सदस्य असतात आणि त्या दोन देशांमधील व्यापार व गुंतवणूक वाढविणे हाच त्याचा प्रमुख उद्देश असतो.

भारतातील अशा प्रमुख संस्थांमध्ये १९५६ मध्ये स्थापन झालेले इंडो-जर्मन चेंबर, १९६६ मधील इंडो-इटालियन चेंबर, १९६८ मधील इंडो-अमेरिकन चेंबर आणि १९७७ मधील इंडो-फ्रेंच चेंबर यांचा समावेश होतो. या चारही संस्थांची मुख्यालये मुंबईत आहेत. जर्मनीने परदेशातील आपल्या मंडळांची परंपरा १८९४ मध्ये ब्रुसेल्स येथून सुरू केली. त्या देशाच्या मंडळांना आज जर्मन सरकारचे अर्थसाहाय्यही मिळते. अन्य काही मंडळे मुख्यतः सदस्यांची वर्गणी आणि सेवाशुल्क यांवर चालतात.

दूतावासातील वाणिज्य विभाग सरकारचे प्रतिनिधित्व करतो. निर्यात प्रोत्साहन परिषद एका उद्योगाचे हित पाहते. द्विपक्षीय मंडळ मात्र विक्रेता आणि खरेदीदार या दोघांनाही एकाच छत्राखाली आणते. त्याचे बळ यात आहे. पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, त्याची अडचणही यातच आहे.

ओळख आणि पत

परदेशी व्यापारातील पहिला प्रश्न विश्वासाचा असतो. जयपूरच्या व्यापाऱ्याला समोरचा खरेदीदार पैसे देईल की नाही याची शाश्वती नसते, तर परदेशातील सराफाला पाठविलेला माल नमुन्यासारखाच निघेल याची खात्री हवी असते. रंगीत रत्नांच्या बाबतीत ही शंका अधिक असते. पाचूमधील सूक्ष्म भेगा तेलाने भरण्याची पद्धत जगभर रूढ आहे. तेल भरल्याचे सांगून विकलेला खडा हा रीतसर व्यवहार ठरतो. ते लपवून विकल्यास ती फसवणूक होते.

येथे मंडळाचे पहिले काम सुरू होते. समोरची कंपनी खरोखर अस्तित्वात आहे का, तिची नोंदणी कोठे आहे, बाजारातील तिची पत कशी आहे, याची माहिती मंडळ आपल्या देशातील जाळ्यामार्फत मिळवून देऊ शकते. व्यापारी शिष्टमंडळांच्या भेटी, प्रदर्शनांतील सहभाग आणि खरेदीदारांशी पूर्वनियोजित बैठका हा त्याच कामाचा पुढील टप्पा होय. मालाच्या शुद्धतेची हमी मात्र मंडळ देत नाही. ते काम प्रयोगशाळेचे असते. जयपूरमध्ये रत्न व आभूषण निर्यात प्रोत्साहन परिषदेने १९७२ मध्ये स्थापन केलेली रत्नपरीक्षण प्रयोगशाळा याच गरजेतून उभी राहिली.

देयकांच्या बाबतीतही मार्ग ठरलेले आहेत. बँकेचे पतपत्र घेतल्यास कागदपत्रे अटींनुसार सादर होताच रक्कम देण्याची जबाबदारी बँकेवर येते. करारात लवादाचे कलम असल्यास वाद न्यायालयाबाहेर मिटविता येतो. परदेशी लवादाच्या निवाड्यांना मान्यता देणारा न्यूयॉर्क करार १९५८ चा असून भारताने तो १९६० मध्ये स्वीकारला. प्रथमच निर्यात करणाऱ्या लहान व्यापाऱ्याला या तरतुदींची ओळख करून देणे हे मंडळाच्या सल्लासेवेचे महत्त्वाचे अंग असते.

कागदपत्रांची भाषा

माल कोणत्या देशात तयार झाला याचा दाखला, अर्थात सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, हा सीमापार व्यापारातील कळीचा कागद आहे. व्यापार करारानुसार मिळणारी शुल्कसवलत याच दाखल्यावर अवलंबून असते. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून अमलात आला. त्यामुळे भारतीय दागिन्यांवर तेथे लागणारे ५ टक्के आयात शुल्क रद्द झाले. परंतु माल भारतीय असल्याचे नियमानुसार सिद्ध करता आले नाही, तर ही सवलत मिळत नाही. असे दाखले अधिकृत संस्थांकडूनच घ्यावे लागतात. कोणत्या करारात कोणता निकष लागू होतो, हे निर्यातदाराला समजावून सांगणे हे मंडळाचे काम ठरते.

प्रदर्शनासाठी नेलेल्या मालाचा प्रश्न निराळा असतो. विक्री न झालेले दागिने परत आणायचे असल्यास त्यांवर दोन्ही सीमांवर शुल्क भरणे परवडणारे नसते. यासाठी एटीए कार्नेट हा दस्तऐवज वापरला जातो. तो स्वीकारणाऱ्या देशांमध्ये प्रदर्शनाचा माल तात्पुरता, शुल्क न भरता नेता येतो. त्याची मुदत साधारणतः एक वर्षाची असते. भारतात हा दस्तऐवज देण्याची आणि त्याची हमी घेण्याची जबाबदारी फिक्की या संस्थेकडे आहे.

नियमांची आगाऊ सूचना

शुल्कापेक्षाही नियम अनेकदा अधिक जाचक ठरतात. याचे ठळक उदाहरण जयपूरनजीकच्या सांगानेर आणि बगरू येथील ठसेछपाईशी संबंधित आहे. कर्करोगकारक घटक निर्माण करू शकणाऱ्या काही ॲझो रंगद्रव्यांवर जर्मनीने १९९४ मध्ये निर्बंध आणले. भारतीय कापड निर्यातदारांना त्यामुळे मोठा हादरा बसला. लाकडी ठशांनी छापलेली चादर कितीही देखणी असली, तरी चाचणीत नापास झाल्यास तिला जर्मन बाजारपेठ बंद होणार होती. भारताने १९९७ पर्यंत अशा ११२ रंगद्रव्यांवर बंदी घातली. पुढे २००२ मध्ये युरोपीय संघाने हा निर्बंध सर्व सदस्य देशांना लागू केला. घातक घटकांची मर्यादा प्रति किलोग्रॅम ३० मिलिग्रॅम इतकी ठेवण्यात आली.

असा नियम अमलात येण्यापूर्वी त्याची माहिती ज्याला मिळते, त्याला रंग बदलण्यास अवधी मिळतो. ज्याला ती बंदरावर माल अडकल्यानंतर मिळते, त्याचे भांडवल बुडते. छपाई करणाऱ्या छोट्या कुटुंबाच्या दृष्टीने एका खेपेचे नुकसान म्हणजे वर्षभराची कमाई असू शकते. परदेशी राजपत्रातील मजकूर सोप्या भाषेत आणि वेळेवर सदस्यांपर्यंत पोहोचविणे हे त्यामुळे मंडळाचे कदाचित सर्वांत मोलाचे काम ठरते.

गालिचा उद्योगातही असाच अनुभव आला. बालमजुरीच्या प्रश्नावरून पाश्चात्त्य बाजारपेठांत भारतीय गालिच्यांवर बहिष्काराची मागणी होऊ लागली, तेव्हा १९९४ मध्ये रगमार्क ही चिन्हांकन योजना उभी राहिली. तिच्या स्थापनेत बालहक्क चळवळीतील संघटनांबरोबर भारत-जर्मन निर्यात प्रोत्साहन प्रकल्पाचाही सहभाग होता. हीच योजना २००९ पासून गुडवीव्ह या नावाने ओळखली जाते. एका देशातील ग्राहकाचा आक्षेप आणि दुसऱ्या देशातील उद्योगाची अडचण यांवर दोन्ही बाजूंनी मिळून तोडगा काढता येतो, हे त्यातून दिसून आले.

परस्परविरोधी हितसंबंध

दोन्ही देशांचे हित नेहमीच एका दिशेने जाते असे नाही. कच्ची रत्ने पुरविणाऱ्या आफ्रिकी देशांना आपल्याच भूमीत पैलू पाडण्याचा उद्योग वाढवावा असे वाटते. ही अपेक्षा रास्त आहे. मात्र निळ्या-जांभळ्या टांझानाइटसारख्या रत्नाचा कच्चा माल टांझानियाबाहेर जाण्यावर निर्बंध आले, की जयपूरच्या पैलूकारांच्या हाताला काम कमी होते. अशा स्थितीत केवळ खरेदीची भाषा पुरेशी ठरत नाही. प्रशिक्षण, यंत्रसामग्री आणि संयुक्त कारखाने यांचे प्रस्ताव पुढे आल्यासच चर्चा सुरू राहते. दोन्ही बाजूंचे सदस्य असलेल्या मंडळाला येथे मध्यस्थाची भूमिका घेता येते. परंतु उघडपणे एका बाजूने उभे राहणे त्याला अवघड जाते.

राजकीय निर्णयांपुढे तर मंडळांचे बळ आणखी तोकडे पडते. अमेरिकेने २००८ मध्ये कायदा करून म्यानमारमधील माणकांच्या आयातीवर बंदी घातली. तिसऱ्या देशात पैलू पाडलेल्या खड्यांनाही ती लागू होती. २०१६ मध्ये ती उठेपर्यंत खड्याचा उगम सिद्ध करण्याची जबाबदारी व्यापाऱ्यांवर राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर प्रथम २५ आणि नंतर आणखी २५ टक्के अतिरिक्त शुल्क लावले, तेव्हाही निवेदने देणे, आकडेवारी मांडणे आणि पर्यायी बाजारपेठांची माहिती पुरविणे एवढेच व्यापारी संघटनांच्या हाती होते. शुल्क ठरविण्याचा अधिकार सरकारांचाच असतो.

लाभ कोणापर्यंत?

द्विपक्षीय मंडळांची सेवा प्रामुख्याने सदस्यांसाठी असते आणि सदस्यत्वाला वार्षिक शुल्क पडते. मोठ्या निर्यातगृहाला ते सहज परवडते. मात्र मजुरीवर पैलू पाडणारा कारागीर किंवा बगरूतील छपाईदार स्वतः निर्यातदार नसतो. त्याचा माल दलाल व व्यापाऱ्यांमार्फत बाहेर जातो. हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरील मुंबईच्या कार्यालयात आलेली सूचना त्याच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. मंडळांनी जयपूरमधील सराफ संघटना, छपाईदारांच्या सहकारी संस्था आणि राजस्थानातील स्थानिक वाणिज्य मंडळे यांच्याशी नियमित संपर्क ठेवल्यास हे अंतर कमी होऊ शकते. एखाद्या संघटनेने सामूहिक सदस्यत्व घेऊन नियमांची माहिती हिंदीतून कारखान्यांपर्यंत पोहोचविणे हाही एक व्यवहार्य मार्ग आहे.

सदस्यत्व घेण्यापूर्वी लहान निर्यातदाराने तीन गोष्टी तपासणे हिताचे ठरते. आपल्या मालाच्या क्षेत्रात मंडळाचा अनुभव किती आहे, परदेशातील त्याचे कार्यालय प्रत्यक्ष कोणती मदत करते आणि नव्या नियमांची सूचना किती वेळेत मिळते, या त्या तीन गोष्टी होत. मंडळ व्यापार करून देत नाही आणि नफ्याची हमीही देत नाही. अनोळखी बाजारपेठेत पाऊल टाकणाऱ्याला वाटेतील खाचखळगे वेळीच दाखविणे हे त्याचे खरे काम आहे. ती सूचना निर्यातगृहाच्या दारातच न थांबता पैलूकाराच्या घाण्यापर्यंत आणि छपाईदाराच्या रंगाच्या भांड्यापर्यंत पोहोचली, तरच सीमापार व्यापाराचा हा दुवा खऱ्या अर्थाने जोडला गेला असे म्हणता येईल.