दोष डाळीचा नव्हता, पाण्याचा होता

माझी आई वसईची. लग्न होऊन ती ग्वाल्हेरला दौलतगंजमध्ये आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिचं वरण बिघडलं. तीन शिट्ट्या, मग पाच, तरी तुरीची डाळ कण्या-कण्याच. आजी बोलली काहीच नाही, फक्त डाव पातेल्यात दोनदा फिरवला. आई सांगते, ‘त्या डावाचा आवाज मला अजून ऐकू येतो.’ पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरी ‘सूनबाईचं वरण’ हा थट्टेचा विषय होता.

मी साहित्याचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी बारावीनंतर माझा संबंध संपला, असं मला वाटलं होतं. पण या सुट्टीत घरी गेलो, नळाच्या तोटीवरचा पांढरा थर खरवडत बसलो आणि आईची बाजू मांडावीशी वाटली.

दौलतगंज म्हणजे लष्कर भागातली जुनी वस्ती. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास उज्जैनहून इथे तळ हलवला आणि त्या छावणीचंच पुढे ‘लष्कर’ शहर झालं. शहराला नळाचं पाणी येतं ते मुख्यतः सांक नदीवरच्या तिघरा धरणातून. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला १९०३ मध्ये पहिल्यांदा बसवलेले स्वयंचलित दरवाजे पुढे तिघऱ्यालाही बसले, म्हणजे पुणेकरांशी आमचं हेही एक नातं आहे! पण ज्या दिवशी धरणाचं पाणी येत नाही, त्या दिवशी आमच्या गच्चीवरची टाकी बोअरिंगच्या पाण्याने भरतात. नळ तोच, पाणी वेगळं. शेजारच्या काकू एकाला ‘मीठा’ म्हणतात, दुसऱ्याला ‘खारा’.

हे ‘खारं’ पाणी बहुतेक वेळा मिठाचं नसतं. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि वाटेतला चुना विरघळवत खाली जातं. त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पाण्यात येतात. धरणात पावसाचं पाणी थेट साठतं, म्हणून ते सहसा कमी जड. बोअरिंगचं पाणी जमिनीत जास्त काळ मुरलेलं, म्हणून जास्त जड. शाळेच्या पुस्तकातला ‘दुष्फेन’ हा शब्द आठवतो? ज्याला नीट फेस येत नाही ते दुष्फेन. इतका नेमका शब्द आपण परीक्षेनंतर विसरून जातो.

फेस का येत नाही? साबण आणि कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तो, केसांना चिकटतो तोही तोच. सगळा कॅल्शियम असा अडकेपर्यंत साबण फुकट जातो. डिटर्जंट पावडरचं असं होत नाही, म्हणून कपडे निघतात पण अंघोळीचा साबण लवकर संपतो.

आता डाळ. डाळीच्या पेशींना एकत्र धरून ठेवतं ते पेक्टिन. शिजताना ते सुटायला हवं, पण पाण्यातला कॅल्शियम त्याला आणखी घट्ट बांधतो. डाळ शिजते, पण गळत नाही. चिमूटभर खायचा सोडा घातला की पेक्टिन सैल होतं. सोडा जास्त झाला तर मात्र चव बिघडते आणि ‘बी-१’ जीवनसत्त्वही कमी होतं.

त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे पाणी उकळून, निवू देऊन, वरचं वर ओतून घ्यायचं. उकळल्यावर बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसतो. याला तात्पुरता दुष्फेनपणा म्हणतात. सल्फेट-क्लोराइडमुळे आलेला कायमचा दुष्फेनपणा उकळून जात नाही. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा नाही. गीझरच्या कॉइलवरचा थर म्हणजे हाच साका. तो उष्णता अडवतो, मग वीजबिल वाढतं. तोटीवरचा थर लिंबाने किंवा व्हिनेगरने निघतो, कारण आम्लात तो विरघळतो.

आणि तब्येत? भारतीय मानकानुसार लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने केवळ कठीणपणासाठी आरोग्याची मर्यादा घातलेली नाही. म्हणून घाबरून लगेच आरओ घेण्याआधी पाणी तपासून घ्यावं. बऱ्याच घरगुती आरओमधून जेवढं पाणी मिळतं त्याहून जास्त वाया जातं, आणि एक दिवसाआड पाणी भरणाऱ्या घराला हे परवडत नाही. आरओ असेलच, तर त्याचं बाहेर पडणारं पाणी निदान फरशी पुसायला वापरावं.

घरच्या घरी बघायचं असेल तर दोन बाटल्यांत दोन ठिकाणचं पाणी अर्धं-अर्धं भरा, दोन्हींत साबणाचा सारखाच कीस टाका आणि हलवा. मी हा प्रयोग आजीसमोर केला. तिघऱ्याच्या बाटलीत फेस वर आला, बोअरिंगच्या बाटलीत दुधाळ चोथा. आजी बराच वेळ बघत राहिली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, ‘अगं, त्या दिवशी टाकीत बोअरिंगचंच पाणी असणार.’

आई काही बोलली नाही. पण त्या रात्रीचं वरण उकळून निवलेल्या पाण्यात शिजलं होतं, आणि आजीने ते दोनदा मागून घेतलं.