नदीचीही नाडी तपासावी लागते

काविळीचा रुग्ण आला की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, परवा बाहेरचं खाल्लं, त्यानं झालं का?" मी त्यांना महिनाभर मागे जायला सांगतो. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या 'ई' प्रकारच्या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते नऊ आठवडे लागतात. आमच्या दवाखान्यात रांग लागते तेव्हा ते पाणी केव्हाच वाहून गेलेले असते. त्या दिवशी घेतलेला नमुना निर्दोषही निघू शकतो. म्हणून साथ आल्यावर नदी तपासून भागत नाही. ठरलेल्या जागी, बारा महिने तपासावी लागते.

पंचगंगा कोल्हापूर, इचलकरंजीवरून नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. वाटेत तिच्यात सांडपाणी मिसळते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्यातील नद्यांचे नमुने नेमून दिलेल्या ठिकाणी घेते. त्यात मुख्यतः तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पाण्यात विरघळलेला प्राणवायू. शुद्ध करून पिण्यासाठी घ्यायच्या नदीत तो लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम हवा. दुसरी, बीओडी. घाण कुजवताना जंतू जेवढा प्राणवायू वापरतात, तो हा आकडा. तो ३ मिलिग्रॅमच्या वर नसावा. तिसरी, कॉलिफॉर्म जंतू. यांतला ई. कोलाय माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात राहतो. तो सापडला की पाण्यात मैला मिसळला असे समजावे. आणि मैल्याबरोबर काविळीचा विषाणूही येऊ शकतो. नळाच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच नसावा. पाणी नितळ दिसते, गोड लागते, यावरून यातले काहीच कळत नाही.

वाचकांनी काय करावे? आपल्या गावाला पाणी जिथून उचलले जाते तिथला तपासणी अहवाल नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत मागावा. एका महिन्याच्या आकड्यावर न थांबता मागच्या महिन्यांशी ताडून पाहावा. बीओडी चढत असेल तर तो इशारा समजावा. जलसुरक्षकाला नळाच्या पाण्याची ओ.टी. चाचणी समोर करायला सांगावे. पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन आहे. रंग आलाच नाही तर तक्रार करावी.

शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळून प्यावे. घरात गरोदर बाई असेल तर यात हयगय नको. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ जिवावर बेतते.