‘यूज्ड टु’ने केला माझा गेम!

एका ‘इंग’ची किंमत किती असू शकते? माझ्या बाबतीत, एक अख्खी संधी. त्याचं असं झालं...

आमच्या ऑफिसात एका नव्या टीमसाठी इंटर्नल ओपनिंग निघालं. अमेरिकन क्लायंट, रात्रीचे कॉल्स, पण प्रोफाइल एकदम झकास. मी तेव्हा दोन वर्षं रात्री साडेअकराचे कॉल्स घेतच होते. म्हटलं, ही जागा आपलीच! फॉर्ममध्ये ‘तुमची बलस्थानं’ या रकान्यात मी ऐटीत लिहिलं, ‘आय यूज्ड टु वर्क लेट नाइट्स विथ यूएस क्लायंट्स.’ माझ्या मनातलं मराठी वाक्य होतं, ‘मला रात्री उशिरापर्यंत काम करायची सवय आहे.’

शॉर्टलिस्ट लागली. माझं नाव गायब. धीर करून बॉसला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, ‘‘अगं, तू लेट नाइट्स सोडल्यास ना आता? फॉर्मवर तूच तसं लिहिलंयस. तिकडच्या मॅनेजरला वाटलं, हिला आता ते नको असेल.’’

मी ब्लँक! कारण ‘आय यूज्ड टु वर्क’ म्हणजे ‘मी पूर्वी करायचे, आता करत नाही.’ मला म्हणायचं होतं, ‘आय अ‍ॅम यूज्ड टु वर्किंग.’ एक ‘अ‍ॅम’ आणि एक ‘इंग’ राहिलं, आणि माझी दोन वर्षांची जागरणं भूतकाळात जमा झाली.

पाचवीतल्या एबीसीडीची गोष्ट

आता थोडा फ्लॅशबॅक. मी मराठी माध्यमाची. १९९९ साली पाचवीत गेले तेव्हा एबीसीडी हातात पडली. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे आमची बस अगदी थोडक्यात चुकली! घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, कॉलेजात ‘रेन अँड मार्टिन’ आलं. बोलायला शिकले, मेल लिहायला शिकले, प्रेझेंटेशनमध्ये हशा मिळवायलाही शिकले. पण हे बारके ‘इन’, ‘अ‍ॅट’, ‘ऑफ’ मात्र कायम अंदाजपंचे.

त्या रविवारी मी सरळ आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंकडे गेले. निवृत्त झाल्यात, पण लाल पेन अजून जवळच असतं. सगळं ऐकून त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘हे बघ, तुला हा नियम येतो. तू रोज मराठीत वापरतेस.’’

‘‘मी? बाई, काहीतरीच काय!’’

‘‘बरं, ‘गुड अ‍ॅट कुकिंग’चं मराठी सांग.’’

‘‘स्वयंपाक करण्यात तरबेज.’’

‘‘मग ‘स्वयंपाक करतेत तरबेज’ का नाही म्हणालीस?’’

आणि डोक्यात ट्यूबलाइट पेटली.

त्यांचा ‘इंग’, आपला ‘ण्या’

बाईंचा फंडा असा. मराठीत क्रियापदाला ‘त’, ‘चा’, ‘साठी’ असं काही जोडायचं असेल, तर ते थेट जोडता येत नाही. आधी त्याचं नाम करावं लागतं. ‘करणे’चं सामान्यरूप ‘करण्या’, आणि मग करण्यात, करण्याचा, करण्यासाठी. इंग्रजीतही तेच. ‘इन’, ‘अ‍ॅट’, ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘अबाउट’ यांच्यामागून क्रियापद आलं, की त्याला नामाचा पोशाख घालावा लागतो. तो पोशाख म्हणजे ‘इंग’.

म्हणून ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’, ‘केपेबल ऑफ हँडलिंग’, ‘रिस्पॉन्सिबल फॉर ट्रेनिंग’, ‘एक्सायटेड अबाउट जॉइनिंग’. माझ्या सीव्हीत वर्षानुवर्षं ‘केपेबल टु हँडल’ ठाण मांडून बसलं होतं! ‘एबल’ला ‘टु हँडल’ चालतं, ‘केपेबल’ला ‘ऑफ हँडलिंग’ लागतं. अर्थ जवळपास तोच, पण दोघांचे जोडीदार वेगळे.

पण कुणाचा जोडीदार कोण, हे ठरवलं कुणी? ‘गुड’ला ‘अ‍ॅट’च का? बाईंनी उलटा प्रश्न केला, ‘‘आपण कुत्र्याला घाबरतो. ‘ला’च का?’’ मला आमच्या टीममधली लखनौची मैत्रीण आठवली. ती मराठी शिकतेय आणि हिंदीच्या सवयीने म्हणते, ‘मी बॉसपासून घाबरते.’ आम्ही हसतो. का चूक, ते मात्र एकालाही सांगता येत नाही. या जोड्या तर्काने लागत नाहीत, कानाने लागतात. म्हणून नुसतं ‘गुड’ पाठ करायचं नाही, ‘गुड अ‍ॅट’ असा अख्खा सेट उचलायचा.

‘टु’ दिसला की ब्रेक दाबा

खरा व्हिलन आहे ‘टु’, कारण त्याचा डबल रोल आहे. ‘रेडी टु हेल्प’, ‘हॅपी टु हेल्प’ यांत तो क्रियापदाचाच भाग. पण ‘यूज्ड टु’, ‘कमिटेड टु’, ‘अ‍ॅकस्टम्ड टु’, ‘अपोज्ड टु’ यांत तो ‘इन’, ‘अ‍ॅट’च्या जातीचा. ओळखायचा कसा? मागे एखादं साधं नाम ठेवून बघा. ‘यूज्ड टु नॉइज’ जमतं, ‘कमिटेड टु क्वालिटी’ जमतं. मग क्रियापदही ‘इंग’ लावूनच येणार: ‘कमिटेड टु डिलिव्हरिंग ऑन टाइम.’ ‘रेडी टु नॉइज’ जमत नाही, म्हणून तिथे साधं ‘टु हेल्प’. रोजच्या मेलच्या शेवटी येणारं ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू’ही याच कारणाने. तिथे ‘टु मीट’ लिहीत असाल, तर आजपासून बंद!

दोन्ही बरोबर, पण अर्थ वेगळा

काही विशेषणांना दोन्ही चालतात, आणि गंमत तिथेच आहे. ‘अँक्शस टु जॉइन’ म्हणजे रुजू व्हायला उतावीळ. ‘अँक्शस अबाउट जॉइनिंग’ म्हणजे रुजू होण्याच्या विचाराने पोटात गोळा. एचआरला कुठलं पाठवायचं, ते बघून पाठवा! ‘शी इज शुअर ऑफ विनिंग’ म्हणजे खात्री तिला स्वतःला आहे. ‘शी इज शुअर टु विन’ म्हणजे खात्री बोलणाऱ्याला आहे, तिला कदाचित घाम फुटला असेल. ‘टायर्ड ऑफ वॉकिंग’ म्हणजे चालण्याचा कंटाळा आला, ‘टायर्ड फ्रॉम वॉकिंग’ म्हणजे चालून दमले. आणि ‘सॉरी टु डिस्टर्ब यू’ हे त्रास देता देता म्हणायचं, ‘सॉरी फॉर कीपिंग यू वेटिंग’ हे ताटकळत ठेवून झाल्यावर.

मग प्रत्येक मेलला टेन्शन घ्यायचं का? अजिबात नाही. साहेबाचंही यावर एकमत नाही. ‘डिफरंट’नंतर ब्रिटनमध्ये ‘टु’ ऐकू येतं, अमेरिकेत ‘दॅन’, आणि ‘फ्रॉम’ दोन्हीकडे चालतं. ‘बोअर्ड ऑफ’ला एकेकाळी नाकं मुरडली जायची, आज ते सर्रास कानावर पडतं. ‘गुड इन कुकिंग’ म्हणालात, तरी समोरच्याला कळतंच. पण जिथे अर्थच उलटतो, तिथे मेल दुसऱ्यांदा वाचण्याइतका एक मिनिट काढायलाच हवा. माझा एक मिनिट फार महागात पडला.

सहा महिन्यांनी तसंच ओपनिंग पुन्हा निघालं. मी लिहिलं, ‘आय अ‍ॅम यूज्ड टु वर्किंग लेट नाइट्स.’ या वेळी बोलावणं आलं. तासभर गप्पा झाल्या, त्या माझ्या कामावर. शेवटी मॅनेजरने विचारलं, ‘‘रात्रीची सवय आहे ना?’’

म्हटलं, ‘‘व्हेरी मच.’’ हो, उगाच रिस्क कशाला!

डेस्कवर चिकटवा

• ‘इन’, ‘अ‍ॅट’, ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘अबाउट’ यांच्यामागून क्रियापद आलं की ‘इंग’. मराठीतला ‘ण्या’ आठवा.

• ‘टु’बद्दल शंका आली, तर मागे नाम ठेवून बघा. जमलं तर ‘इंग’.

• ‘बिझी’ आणि ‘वर्थ’ यांना मध्यस्थ लागत नाही: ‘बिझी प्रिपेअरिंग’, ‘वर्थ रीडिंग’. ‘बिझी इन प्रिपेअरिंग’ नको.

• ‘आय यूज्ड टु’ म्हणजे पूर्वी. ‘आय अ‍ॅम यूज्ड टु’ म्हणजे सवय आहे. हे मात्र विसरू नका... माझी शपथ!