पोरीच्या मापाची रायफल

“आई, माझ्याच्यानं होत नाही. मी सोडते.”

जेवणाच्या ताटावर लेक हे बोलली आणि माझा घास हातातच राहिला. सहा वर्षं नेमबाजी करणारी मुलगी. दहावीच्या परीक्षेतही पहाटे उठून रेंजवर जाणारी. दहा मीटर एअर रायफलमध्ये राज्य पातळीवर खेळून आलेली. दोन वर्षांपूर्वी तिनं पन्नास मीटरची रायफल हातात घेतली आणि घडी विस्कटली. झोपून नेम धरताना गुण बरे यायचे, गुडघ्यावर बसून जेमतेम. पण उभं राहून मारायच्या वीस गोळ्यांत दोनशेपैकी एकशे बहात्तरच्या पुढे गाडी सरकेना. मान आखडायची, खांद्यावर वळ उठायचे.

मग आपण आया काय करतो, तेच मी केलं. “मन लावून कर.” “तो मोबाईल आधी बाजूला ठेव.” “रात्री लवकर झोप.” बचत गटाच्या बैठकीत दहा जणींना सबुरी शिकवणारी मी, घरी मात्र पोरीचंच चुकतंय असं धरून चालले होते.

त्या महिन्यात रेंजवर बाहेरगावच्या एक कोच मॅडम आल्या होत्या. लेकीला सोडायला मी गेले आणि मागच्या बाकावर बसून राहिले. मॅडमनी तिला काही शिकवलं नाही. फक्त म्हणाल्या, “पोझिशन घे, डोळे मिट, दोन श्वास घे आणि उघड. कुठे आहे नेम?”

“लक्ष्याच्या उजवीकडे, मॅडम.”

असं पाच वेळा केलं. पाचही वेळा उजवीकडेच. मॅडम माझ्याकडे वळल्या. “ताई, हिची मान बघा. कासवासारखी पुढे ताणलीये. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकायला हवं, ते हवेत आहे. रायफल हिच्या मापाची नाहीये. रोज ही मुलगीच रायफलच्या मापाची व्हायला बघतेय.”

मला चटका बसला. रायफल मोडकी नव्हती. फक्त आधी जो मुलगा ती वापरायचा तो सहा फुटांचा होता आणि आमची लेक पाच फूट एक इंच! हे दोन वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण बघणारे सगळे गुण बघत होते, पोरीकडे कुणी बघतच नव्हतं. त्यात मीही आले.

मैत्रिणींनो, मी कला शाखेची. बंदूक म्हटलं की मला सिनेमातला डाकू आठवायचा. पण त्या दिवसापासून मी रायफल समजून घेऊ लागले, आणि मला ती शिवणकामासारखी वाटायला लागली.

पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ किती मोठं असतं? १०.४ मिलीमीटर. म्हणजे आपल्या शर्टाच्या बटणाएवढं! गोळी ५.६ मिलीमीटरची. रायफलवर दुर्बीण नसते. डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून पुढच्या टोकाचं कडं आणि त्या कड्यात लक्ष्याचा काळा गोल, असं एकात एक बसवायचं. या दोन्हींमधलं अंतर साधारण ऐंशी सेंटीमीटर धरलं, तर तिथे एका मिलीमीटरची चूक पन्नास मीटरवर साठ मिलीमीटरच्या पुढे जाते. म्हणजे गोळी काळ्या गोलाच्याही बाहेर! मान ताणून, दात आवळून एका मिलीमीटरचा तोल साठ वेळा कोण सांभाळणार?

म्हणून स्पर्धेची रायफल ‘बांधून’ घ्यावी लागते. जर्मनीतल्या उल्म गावच्या आन्शुट्झ आणि वॉल्थर या कंपन्या नेमबाजांत प्रसिद्ध. नळी आणि बोल्टची यंत्रणा कंपनीची. पण ज्यात ती बसते तो स्टॉक, म्हणजे दस्त्यासकट सगळा सांगाडा, ज्याचा त्याच्या अंगाबरोबर जुळवायचा. पूर्वी तो अक्रोडाच्या नाही तर बीचच्या लाकडाचा असे, आता बऱ्याच जणांचा ॲल्युमिनियमचा असतो. त्यात खांद्याला टेकणारी बटप्लेट मागे-पुढे, वर-खाली होते. गाल टेकवायची पट्टी उचलता येते. हाताची मूठ बसते ती ग्रिप तळव्याप्रमाणे घासून घेतात. ट्रिगर पुढे-मागे सरकतो, आणि तो इतका हलका ठेवतात की बोटाच्या नुसत्या विचारानं सुटावा. वजनाचे छोटे तुकडे लावून तोलही बदलता येतो, अर्थात नियमाच्या मर्यादेत. लांब पल्ल्याच्या, तीनशे मीटरच्या स्पर्धेतही गणित हेच.

ब्लाउज शिवताना आपण काय करतो? छाती, खांदा, बाहीची लांबी. शेजारणीच्या मापाचा घालून कधी कुणाला नीट बसलाय का? मग पोरीच्या खांद्यावर दुसऱ्याच्या मापाची रायफल देऊन आपण तिलाच का बोल लावतो?

मॅडमनी चहा पिता पिता एक गोष्ट सांगितली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये रायफलच्या स्पर्धेत स्त्री-पुरुष एकत्र खेळत. अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक आणि लॅनी बॅशम यांचे गुण अगदी समान झाले. नियमानं सुवर्ण बॅशम यांना गेलं, रौप्य मार्गारेट यांना. पण राष्ट्रगीताच्या वेळी बॅशम यांनी हात देऊन त्यांना आपल्या पायरीवर ओढून घेतलं. बायकांसाठी वेगळ्या स्पर्धा ऑलिम्पिकमध्ये आल्या त्या १९८४ मध्ये, लॉस एंजलिसला. त्यानंतरही कितीतरी वर्षं मुलींना मुलांपेक्षा कमी गोळ्या मारायला मिळत. २०१८ पासून दोघांना सारख्या झाल्या.

आपल्या महाराष्ट्राच्या लेकींनी तर या खेळात नाव काढलंय. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे या तिघी २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळल्या. आमच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं, तेव्हा कोल्हापूरच्या रस्त्यांवर गुलाल उडाला. त्याला घडवणाऱ्या प्रशिक्षक कोण? त्याच दीपाली देशपांडे. खेळायलाही बाई आणि घडवायलाही बाई! आणि तरी रेंजवर मुलीच्या हातात जी रायफल आली ती ‘घे आणि मार’ म्हणून.

असो. मॅडमनी दोन दिवस लेकीचं माप घेतलं. बटप्लेटमधल्या जादा चकत्या काढून दस्ता आखूड केला. गालाची पट्टी वर उचलली, म्हणजे मान सरळ राहून डोळा आपसूक छिद्रासमोर आला. राहिलं डावं कोपर. उभ्यानं मारताना कोपर कमरेच्या हाडावर टेकलं की रायफलचं ओझं हाताच्या स्नायूंवर न येता हाडांवर जातं. पण लेकीचे हात आखूड. कोपर टेकवलं तर रायफल खाली जायची, रायफल उचलली तर कोपर सुटायचं. मध्ये नियमात बसेल असा एक ठोकळा हवा होता. परदेशातून मागवायचा तर किंमत ऐकून मी गप्पच झाले.

शेवटी मी कागदावर आकृती काढून घेतली आणि उद्यमनगर गाठलं. कोल्हापूरच्या माणसाला उद्यमनगर म्हणजे काय ते सांगायला नको. तेलाच्या इंजिनांपासून जगातलं काहीही तिथल्या लेथवर होतं. ओळखीचे मिस्त्रीमामा कागद उलटासुलटा करत म्हणाले, “काय वहिनी, कसला पार्ट म्हणायचा ह्यो?”

“पोरीच्या हाताखाली ठेवायचा ठोकळा, मामा. रायफलीचा.”

मामांनी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी सांगितल्या मापाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा तयार! कडा इतक्या गुळगुळीत घासलेल्या, की हात फिरवत राहावं. पैसे विचारले तर म्हणाले, “पदक आणू दे, मग बघू.” मी बळंच त्यांच्या खिशात घातले.

जादू झाली नाही, हे आधीच सांगते. पहिले पंधरा दिवस गुण उलट कमी आले. शरीराला जुनी खोड लागली होती ना! पण मान दुखायची थांबली. खांद्यावरचे वळ गेले. तीन महिन्यांनी उभ्याचे गुण एकशे चौऱ्याऐंशी झाले, आणि लेक ‘सोडते’ म्हणायची बंद झाली.

अडचण एकच होती. रायफल क्लबची. लेकीनं सकाळी जुळवून ठेवावी आणि संध्याकाळी दुसऱ्यानं ती फिरवावी. मग मी माझं बचत गटाचं डोकं चालवलं. शिंप्याकडे असते तशी वही केली. प्रत्येक मुलामुलीचं एक पान. उभं, बसून, झोपून अशा तिन्ही स्थितींत बटप्लेटचा आकडा किती, पट्टी किती उंच, ट्रिगर कुठे. रायफल हातात घेतली की आधी आपलं पान उघडायचं आणि मग बाकीचं. क्लबच्या सरांनी ती वही आनंदानं चालू ठेवली. त्या वहीमुळे आणखी दोन बुटक्या मुली आणि एक डावखुरा मुलगा यांची रड मिटली, याचा मला लेकीच्या गुणांइतकाच आनंद आहे.

आता प्रश्न आला स्वतःच्या रायफलीचा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना हवा. लेक यंदा एकवीस पूर्ण झाली, अर्ज केलाय. पैशाची रक्कम लाखांत. शिवाय गोळ्या. त्यांचंही एक तंत्र आहे. एकाच कंपनीच्या गोळ्या, पण प्रत्येक लॉट वेगळा. एका नळीला जो लॉट मानवतो तो दुसरीला मानवेलच असं नाही. म्हणून नळी शिकंज्यात घट्ट बसवून निरनिराळ्या लॉटच्या गोळ्या मारून बघतात आणि ज्याच्या गोळ्या सगळ्यात जवळजवळ पडतील तो उचलतात. तांदूळ घेताना मूठभर शिजवून बघतो, तसंच!

एवढे पैसे आणायचे कुठून? लग्नासाठी म्हणून पाच तोळे बाजूला ठेवलेत. ते मोडायचे का, यावर घरात आठवडाभर धुसफूस. हे म्हणाले, “क्लबची आहे की, जमतंय की आता.” मलाही रात्री झोप येईना. घरात बंदूक येणार याची धास्ती होतीच. लेकीनं शिकवलं, की रायफल ठेवताना बोल्ट उघडा असतो, नळीत रंगीत दोरी घालतात म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसतं, आणि नळीचं तोंड कधीच माणसाकडे करायचं नाही. धास्ती कमी झाली. सोन्याचं काय?

सासूबाई एवढे दिवस गप्प होत्या. त्यांचा या खेळाला पहिल्यापासून विरोध. एका संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. आमचा ओटा उंच आहे. घर बांधताना गवंड्यानं विचारलं होतं मामंजींना, आणि उंची त्यांनीच सांगितली होती.

“सूनबाई, ह्या ओट्याला मी चाळीस वर्षं पाटावर उभी राहून भाकरी थापल्या,” त्या म्हणाल्या. “ओटा उंच हाय, असं म्हणायचं कधी सुचलंच नाही बघ. मला वाटायचं, मीच बुटकी. आता पोरीला पाट देऊ नकोस. तिच्या मापाचं घे.”

सोमवारी आम्ही दोघी सराफाकडे चाललोय.