आवक आणि भाव: वहीतले दोन रकाने

पुणे-नाशिक रस्ता आणि माळशेज घाटातून येणारा कल्याण-अहिल्यानगर रस्ता आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. जुन्नर बाजार समितीच्या येथील उपबाजारात कांद्याचे लिलाव होतात. त्यावर केवळ अडतदार नव्हे, तर बारदानवाला, टेम्पोवाला, गॅरेजचा मिस्त्री, शिंपी, सगळ्यांचाच धंदा थोडाफार अवलंबून असतो. 'आवक वाढली की भाव पडतो' हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण या नात्यावर कितपत विसंबून माल भरावा? याचे उत्तर देणारे माप संख्याशास्त्रात आहे. त्याला 'सहसंबंध गुणांक' म्हणतात. इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८८ मध्ये ही कल्पना मांडली आणि कार्ल पिअर्सन यांनी पुढे तिचे सूत्र पक्के केले.

आपण ते हिशेबाच्या वहीतच करून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. पाच बाजारांची आवक १०, १२, १४, १६ आणि १८ हजार पिशव्या; दहा किलोचा भाव अनुक्रमे २००, १९०, १६०, १५० आणि १०० रुपये. आवकेची सरासरी १४, भावाची १६०. आता प्रत्येक आकडा सरासरीपेक्षा किती कमी-जास्त ते लिहा. आवक: -४, -२, ०, २, ४. भाव: ४०, ३०, ०, -१०, -६०. जोडीजोडीने गुणून बेरीज केली की -४८० येते. उणे चिन्ह आले, म्हणजे एक वर जाताना दुसरा खाली जातो.

मात्र ४८० हा आकडा मोठा की लहान? पिशव्यांऐवजी क्विंटल लिहिले तर तो बदलेल. म्हणून दोन्ही रकान्यांतील फरकांचे वर्ग करून वेगवेगळी बेरीज घ्यावी: ४० आणि ६२००. त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ सुमारे ४९८. त्याने -४८० ला भागले की उत्तर उणे ०.९६. हे माप नेहमी उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यानच राहते. शून्याजवळ असेल तर दोन रकान्यांत सरळ रेषेचे नाते नाही असे समजावे. किती रुपये पडतील, हे मात्र हा आकडा सांगत नाही. नाते किती घट्ट आहे एवढेच सांगतो. आणि पाच बाजारांवर कोणी गोणी भरू नयेत, निदान एका हंगामाच्या नोंदी हव्यात.

खरी फसगत पुढे आहे. दोन गोष्टी बरोबर चालल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडते असे नव्हे. रमजान ईद २०१८ मध्ये १६ जूनला आणि २०२१ मध्ये १४ मेला आली. त्या वर्षांची वही पाहून एखादा कापडवाला म्हणेल, ईद आली की पातळ सुती कापड खपते. पण खपवणारा होता उन्हाळा! चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी मागे सरकते आणि सुमारे ३३ वर्षांत साऱ्या ऋतूंतून फिरून येते. १९९८ मध्ये ती ३० जानेवारीला, कडाक्याच्या थंडीत होती. कुणी त्याच हिशेबाने पातळ कापड भरून ठेवले, तर ईद हिवाळ्यात सरकल्यावर भांडवल फळीवर अडकून राहील. शिलाईची गर्दी मात्र ईदबरोबरच सरकते, म्हणून शिंप्याने ती चांद्र महिन्यांप्रमाणे मांडावी आणि कापडाची जात ऋतूप्रमाणे. एका वहीत दोन पंचांगे लागतात ती अशी.

कांद्याचेही तसेच. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ रोजी ती बंदी उठवली. त्या काळातल्या भावाचे कारण नुसत्या आवकेच्या रकान्यात शोधून सापडणार नाही. म्हणून वहीत तिसरा रकाना ठेवावा: निर्यात खुली की बंद, शुल्क किती, पाऊस कधी पडला. बंदीचे दिवस वेगळे काढून गुणांक पुन्हा काढला आणि तो बराच बदलला, तर आपण आवकेच्या नावावर भलताच हिशेब लिहीत होतो असे समजावे.